लाल कार्डावरचा तुमचा हात

प्रिय रफिकदादा,

परवा रविवारी दौंडला तुमच्या घरी तुमच्याच खुर्चीत बसले. भाभींनी बसवलं. "खेळ बंद नका करू," म्हणाल्या, आणि तुमची वही, फासे, वही आमच्यापासून लपवायचा पुठ्ठ्याचा आडोसा, सगळं माझ्या पुढ्यात ठेवलं. तुम्ही गेल्यापासून एक प्रश्न मनात आहे. त्या खुर्चीत तो फारच टोचायला लागला, म्हणून हे पत्र.

शिरूरहून एसटीनं मी दौंडला काय करायला जाते, हे आईला अजून सांगितलेलं नाही. कागद आणि फासे घेऊन चांगली मोठी माणसं भयकथा खेळतात, हे तिला समजावणार कोण? एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली माणसं व्हायचं, आणि कोण वाचणार ते फाशांनी ठरवायचं. तुम्ही सांगणारे, आम्ही चौघं मरणारे!

मूळ खेळ परदेशातल्या आडरानातला. पहिल्याच दिवशी तुम्ही खेळाचं पुस्तक मिटलंत. "तसलं जंगल कुणी बघितलंय? आपल्याकडं ऊस हाय की!" झालं. भीमाकाठचा, डोक्यावरून गेलेला ऊस, आत शिरलेला माणूस बाहेर न येणारा. माझ्याच ऑफिसातला संतोष म्हणाला, "म्हंजी बिबट्या?"

"बिबट्या न्हाई रं, तो रोजचाच हाय!"

मग होतं तरी काय हो त्या उसात? वर्षभर विचारत होतो आम्ही. परवा तुमची वही उघडली, चोरी करत असल्यासारखी. शेवटच्या पानावर एवढंच: "उसात काय हाय, ते त्यांनाच विचारायचं." लबाड माणूस! म्हणून दर वेळी "वैशाली, तुला काय वाटतं, काय आसंल?" असं चालायचं होय! मी सहज बोललेली अनवाणी बाई पुढच्याच रविवारी खेळात माझ्या मागं लागली होती.

पण भीती हाताबाहेर जाऊ नये म्हणून नियमही तुमचाच. "अठराच्या आतलं कुणी नको, आन् हे कार्ड मधी ऱ्हाईल." जुन्या लग्नपत्रिकेचा लाल तुकडा. ज्याला प्रसंग सोसवणार नाही त्यानं त्यावर हात ठेवायचा. प्रसंग तिथंच सोडायचा, आणि का म्हणून कुणी विचारायचं नाही. विहिरीच्या प्रसंगाला मी हात ठेवला होता. तुम्ही लगेच गोष्ट दुसरीकडं वळवलीत. किती बरं वाटलं होतं मला!

तुम्ही मात्र हात एकदाच ठेवलात. संतोषचा गोष्टीतला माणूस उसात लपलेला. छाती दाबून, दम कोंडून बसलाय, असं तो रंगवून सांगत होता. आणि तुमचा हात कार्डावर आला. गोष्ट सांगणाऱ्याचाच हात! आम्ही एकमेकांकडं पाहिलं आणि शहाण्यासारखे पुढं गेलो. चहा झाला. तुम्ही मला एसटी स्टँडपर्यंत सोडायला आलात, तेव्हाही मी आपली त्या अनवाणी बाईबद्दलच बडबडत होते. पुढच्या रविवारी तुम्ही या जगातच नव्हतात.

भाभी सांगत होत्या, "छातीत दुखतंय म्हणून घरात कवाच बोलले न्हाईत."

मग त्या दिवशी दुखत होतं का, दादा? की संतोषचं वर्णनच रटाळ होतं? तेही शक्य आहे! मला रोज वेगळं उत्तर सुचतं. कधी तुमचा राग येतो, एवढी माणसं समोर असताना गप्प का बसलात म्हणून. मग माझाच येतो. टेबलावर नियम होता, कबूल. स्टँडपर्यंतच्या रस्त्यावर कुठला नियम होता?

येत्या रविवारी गोष्ट मी सांगणार आहे. कार्ड मधेच राहील. कुणी हात ठेवला तर प्रसंग सोडीन, चकार शब्द काढणार नाही. पण खेळ आवरला की त्या माणसाशेजारी जाऊन बसेन आणि विचारेन, "काय झालं?" तो चिडला तरी चालेल. तो बोलेपर्यंत माझी शेवटची एसटी गेली तरी चालेल. हा शब्द तुम्हाला देते, दादा. तुम्हाला विचारायचं राहून गेलं.

तुमची,
वैशाली, शिरूर