कण्याचे दोन तुकडे

शनिवार, ७ सप्टेंबर

पोचलो एकदाचे. डोंगरातून ट्रकमध्ये कोबीच्या पोत्यांवर बसून आलो. आमची तान्ही इंतान वाटभर झोपली, खाली उतरल्यावर मात्र अशी रडली की सगळा गाव बघायला आला. बरंच झालं, एकदमच सगळ्यांची ओळख झाली.

सासूबाईंचं घर खांबांवर आहे, समोरच वाळू आणि मग समुद्र. त्यांना मी अम्मा म्हणते. अम्मांनी भाजलेला मासा, मक्याचा भात आणि कच्च्या आंब्याचं तिखट केलं होतं. मी दोनदा वाढून घेतलं. अम्मा म्हणाल्या, डोंगरातली पोरगी बारीक दिसते पण पोटात खड्डा आहे. माझा नवरा रुस्ली हसून हसून ठसकला.

ही वही दवाखान्यातल्या बाईंनी दिली. बाळ कधी प्यालं ते लिहायचं. मी पाचवीपर्यंतच शिकले, पण लिहायला आवडतं, म्हणून बाकीचंही लिहिते. इंतान आज पोटभर प्याली.

मंगळवार, १० सप्टेंबर

होडी बघितली. घरासमोर वाळूवर लाकडी टेकू लावून उभी आहे. निळा रंग पोपडे धरून पडतोय, फळ्यांच्या फटीतून पलीकडचं आभाळ दिसतं. ही आंबोदादाची, म्हणजे रुस्लीच्या थोरल्या भावाची. दोन वर्षांपूर्वी ती एकटीच परत आली. जाळं आत होतं, त्याच्या चपला आत होत्या, तो नव्हता.

आता रुस्ली तीच दुरुस्त करून समुद्रावर जाणार. आधी कोबी लावू म्हणायचा. इथं आल्यापासून त्याचे डोळेच वेगळे झालेत. दिवसभर जुन्या फळ्या काढतो, फटींत झाडाची साल ठोकतो, वरून चुना आणि खोबरेल तेलाचा लगदा भरतो. संध्याकाळी त्याच्या अंगाला तेलाचा वास येतो. मला तो वास आवडतो. होडी आवडत नाही.

रविवार, १५ सप्टेंबर

दाएंग सिला आले होते. गावातले सगळ्यात म्हातारे होडी बांधणारे. त्यांनी होडीच्या पोटाखाली जाऊन कण्यावर, म्हणजे तळाच्या मधल्या लांब लाकडावर, कान ठेवला, बोटाने ठोकलं, आणि कणा कुजलाय म्हणाले. नवा बसवावा लागेल. रुस्लीचं तोंड उतरलं, पण दाएंग म्हणाले, माणसाचा मोडला तर बसवता येत नाही, हिचा येतो, मग तोंड काय पाडतोस.

मासे साफ करताना अम्मांनी मला रीत सांगितली. नवा कणा आला की त्याची दोन्ही टोकं कापतात. पुढचं टोक म्हणजे नवरा. तो समुद्रात टाकायचा. मागचं टोक म्हणजे बायको. ती पांढऱ्या कापडात गुंडाळून घरात आढ्याला ठेवायची, कोरडी. ती घरात वाट बघते म्हणून तो परत येतो.

मी विचारलं, मग आंबोदादा?

अम्मांचा सुरीवरचा हात थांबला. म्हणाल्या, "त्याचं लग्न कुठं झालं होतं गं. तुकडा होता आढ्याला. पण बायकोच नाही, तर वाट कोण बघणार?"

मग परत खवले काढायला लागल्या. मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

शुक्रवार, २० सप्टेंबर

नमाजानंतर कणा कापला. दाएंग सिलांनी करवत एकदा लावली की थांबवली नाही, घामाने डोळे मिटले तरी नाही. बायकांनी काळा नि पांढरा चिकट भात आणि गुळाच्या गोळ्या वाटल्या. दोन्ही तुकडे एकसारखे, तळहाताएवढे. पुढच्यावर दाएंगनी चुन्याची रेघ ओढली, ती तेवढी खूण.

पुरुष जेवायला बसले. रुस्ली हातपाय धूत होता. दोन्ही तुकडे माझ्या ओटीत होते.

मी समुद्राकडे बघितलं. मनात आलं, मी माझा माणूस त्याला का देऊ? आधी एक घेतलाच की त्याने.

मी नेसलेल्या लुंगीच्या टोकाने चुन्याची रेघ पुसली आणि दुसऱ्या तुकड्यावर बोटाने तशीच ओढली. कुणी बघितलं नाही. रुस्लीने माझ्या हातून तो रेघेचा तुकडा घेतला, कमरेएवढ्या पाण्यात गेला आणि लांब फेकला. तो वर तरंगला, मग दिसेनासा झाला.

त्याचा तुकडा मी स्वतः आढ्याला बांधला. आता समुद्र त्याला नेऊ शकत नाही. होडी बघितल्यापासून पहिल्यांदा मी पोटभर जेवले. इंतानही छान प्याली.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

माझे केस वाळत नाहीत. सकाळी न्हाले की संध्याकाळपर्यंत टपटप पाणी. उन्हात बसले तरी तेच. शेजारची रोसदियाना म्हणाली, किती वेळा न्हातेस गं, नवरा सोडतच नाही वाटतं. सगळ्या बायका फिदीफिदी हसल्या. मीही हसले.

खरं तर रुस्ली माझ्याजवळ येतही नाही. पायरीवर बसून राहतो. पाय जड झालेत म्हणतो. नवा कणा बसला, फळ्या बसल्या, आता नुसता रंग राहिलाय, पण तो उठत नाही. काल घोट्यापर्यंत पाण्यात गेला आणि कापत परत आला. दाएंग सिला चिडवून गेले, कोळ्याचा पोरगा की कोंबडी म्हणाले. रुस्ली हसलाही नाही.

बुधवार, २ ऑक्टोबर

इंतान पीत नाही. तोंड लावते, आणि तोंड वाकडं करून मान फिरवते. दिवसभर रडली. छाती दगडासारखी झालीय.

अम्मांनी एक थेंब बोटावर घेऊन चाखला. मग माझ्याकडे बघत राहिल्या. मी विचारलं, काय झालं? त्यांनी बोट खसकन पुसलं. मीच चाखला.

खारट. आसवांसारखा नाही. समुद्रासारखा.

दुकानातून डब्याचं दूध आणलं. ती चमच्याने प्याली आणि झोपली. मी दुसऱ्या कोपऱ्यात बसून बघत राहिले. माझी लेक, आणि मी तिला घेऊ शकत नाही. घेतलं की तिचं झबलं भिजतं.

रविवार, ६ ऑक्टोबर

रुस्लीच्या टाचा फुटल्यात. रक्त नाही येत. भेगा लांबच लांब, लाकडाला पडतात तशा. रात्री खोकला तेव्हा उशीवर भुसा पडला. बारीक, पिवळा. सकाळी मी तो हातात घेतला. त्याला नव्या कण्याचा वास होता.

तो बोलत नाही. आढ्याकडे बघतो फक्त. पाणी दिलं तर पितो, पण ते जातं कुठं कळत नाही, ओठ कोरडेच.

हे मी केलं.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

दाएंग सिलांकडे गेले. सगळं सांगितलं. वाटलं होतं मारतील. त्यांनी हातातली सुपारी खाली ठेवली आणि मला बसायला सांगितलं.

म्हणाले, "पोरी, समुद्राला आपण नवरा उसना देतो. घरी कुणी वाट बघतंय म्हणून तो उसना असतो. तू बायको दिलीस. तिची वाट कोण बघणार?"

मी विचारलं, आता? म्हणाले, रुस्लीचा तुकडा पाण्यात टाक, तो उठेल. मी विचारलं, आणि माझा? ते माझ्या केसांतून त्यांच्या जमिनीवर गळणारं पाणी बघत होते. तुझा कुठं गेला ते आता समुद्रालाच माहीत, म्हणाले. मग तोंड फिरवलं. म्हाताऱ्या माणसाला रडताना बघू नये म्हणून मी उठले.

परत येताना रस्त्यावर माझी ओली पावलं होती. जातानाची. उन्हात. वाळलीच नव्हती.

बुधवार, ९ ऑक्टोबर

टाकला. सकाळी, ओहोटीला.

परत आले तर रुस्ली चुलीपाशी बसून भात मागत होता. दोन ताटं खाल्ली. अम्मांना म्हणाला, मला काय झालं होतं? ताप होता म्हणाल्या. तो रंगाचा डबा घेऊन होडीकडे पळाला. दिवसभर शीळ घालत होता. निळा रंग, पांढरी पट्टी.

मी खिडकीतून बघितलं. इतका सुंदर दिसत होता.

आढं रिकामं आहे.

गुरुवार, १० ऑक्टोबर

अम्मांना कळलंय. विचारलं नाही त्यांनी. झोळीचा जुना दोर घेऊन माझ्या लुंगीचं टोक मधल्या खांबाला बांधलं. घट्ट. म्हणाल्या, "एक गेला माझा. घरातून नाही जाऊ देणार कुणाला."

माझ्या ओल्या केसांवरून हात फिरवला. त्यांचा हात भिजला. पुसला नाही त्यांनी.

रुस्ली विचारत होता, हिला का बांधलंय? अम्मा म्हणाल्या, बाळंतपणाची रीत आहे. तो म्हणाला, परत आलो की वाळूवरूनच पहिली हाक तुला मारीन. ओ दे हं.

देईन म्हटलं.

पाण्याचा आवाज. घराच्या फळ्यांखाली — पण भरती इतक्या वर येत नाही —

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

दुपार. सगळा गाव होडी ओढतोय. ऐकू येतंय, दाएंग सिला ओरडतात, मग सगळे एकदम हो — अम्माही गेल्या, आईनेच पाणी शिंपडायचं असतं. लगेच येते म्हणाल्या. गाठ दोनदा बघून गेल्या.

इंतान माझ्या मांडीवर. दुपटं जाड घातलंय मध्ये. झोपलीय.

खाली बाळ रडतंय.

घराखाली. पाण्यात. इंतानसारखंच — पण इंतान इथं आहे, मी तिच्या नाकाशी बोट धरलं, श्वास गरम आहे, झोपलीय ती —

माझं दूध सुटलं. आपोआप. तिच्यासाठी इतके दिवस नाही, आणि आता — पोलकं भिजलं, मांडी भिजली, दोरावर गळतंय. भिजलेली गाठ सरकतेय. अम्मांना सांगायला हवं होतं.

किती भुकेलं आहे ते. कुणी घेत का नाही त्याला.

होडी पाण्यात गेली. सगळे आनंदाने ओरडले. रुस्लीचा आवाज — मला हाक मारतोय, बघ म्हणतोय —

इंतानला झोळीत ठेवलं. कोरडी आहे ती. पूर्ण कोरडी. डब्याचं दूध फळीवर आहे, अम्मा, कोमट करून —

मी जात नाही कुठं. पायरीवरून नुसती वाकून बघते. एकदा जवळ घेतलं की गप्प होईल ते, मग लगेच वर