साहेबांनी मला दिलेले घरभाडे

मी गैबी हुसेन नदाफ, वय सत्त्याहत्तर, शिक्षण सातवी नापास, राहणार कसबा बावडा, कोल्हापूर, स्वतःच्या हाताने हे लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला जोडला आहे आणि तो हरवला तर म्हणून त्याची झेरॉक्सही जोडली आहे. कुणाची जबरदस्ती नाही. घाई मात्र आहे, कारण गेल्या महिन्यात दोनदा छातीत कळ आली. याआधी मी चार मृत्युपत्रे लिहून फाडली. हे पाचवे. हेच खरे धरावे.

१. माझे वारस दोन, मुलगी सलमा आणि मुलगा तोहिद. पत्नी शबनूर सहा वर्षांपूर्वी अल्लाला प्यारी झाली. माझ्या राहत्या दोन खोल्या आणि बँकेतील एक लाख चाळीस हजारांची ठेव शरियतप्रमाणे दोघांत वाटावी. त्याआधी कफनदफनाचा खर्च काढावा. मंडप घालू नये, रस्ता अडतो आणि लोक बोलतात.

२. वडिलांची कापूस पिंजायची कमान सलमाला द्यावी. तोहिदने ती एकदा भंगारवाल्याला दाखवली होती. मी बघितले होते, बोललो नाही, आता बोलतो. ही कमान खांद्यावर घेऊन वडील ताराबाई पार्कात विजयसिंह रणनवरे साहेबांच्या बंगल्यात गाद्या भरायला जात. १९७२ साली मी सोबत होतो. साहेबांच्या पत्नी चिमणाबाई, ज्यांना सगळे आक्का म्हणतात, त्यांनी माझ्या हातात एक कागद दिला. "वाचाय येतंय का रं? ह्या लाइटबिलाची शेवटची तारीख कवा हाय बघ." मी म्हणालो, "काल हुती, आक्का." त्या इतक्या हसल्या की कापूस उडाला. दुसऱ्या दिवसापासून त्या घराची सगळी बिले मी भरू लागलो.

३. साहेब दोनदा आमदार झाले आणि पाचदा उभे राहिले. घरात पैसा पंचगंगेच्या पुरासारखा यायचा आणि तसाच ओसरायचा, मागे नुसता चिखल. लाइट, टेलिफोन, दूध, किराणा, गॅस, सगळी बिले मी तारेला टोचून ठेवत असे. वर्षाला एक तार. निवडणूक कधी झाली हे तारीख न बघता कळते, त्या वर्षीची तार हाताला जड लागते. एरवी महिन्याला तीस किलो साखर, निवडणुकीला चार क्विंटल. किराणा दुकानदार आप्पासो म्हणायचे, "गैबी, सायबांनी निवडणूक सोडली तर माझं दुकान बसंल, आणि लढवत ऱ्हायले तर बुडंल." तरी त्या दिवसांची मला अजून आठवण येते. पहाटेपासून चहाचे पातेले उकळत असायचे, आणि कोण कुठल्या जातीचा हे कपबश्यांना ठाऊक नसायचे.

या तारा कुणा पत्रकाराला देऊ नयेत. मोबाइलवर बातम्या करणारा एक पोरगा येऊन गेला आहे. त्या आक्कांना द्याव्यात.

इथेच नोंदवतो की बंगल्यातली स्वयंपाकीण बाळाबाई हिने माझ्यावर तुपाचा आळ घेतला होता. तूप मी खाल्ले नाही. ते तिच्या भावाच्या घरी जात होते. तिला मी माफ केले आहे, पण खरे काय ते कुठेतरी लिहिलेले असावे.

४. आता ज्यासाठी हा कागद आहे ते. बावड्यात माझ्या नावावर तीन गुंठे जागा आणि चार खोल्यांचे घर आहे. त्यात आक्का राहतात. जग म्हणते, नदाफाने मोठ्या मनाने घर दिले. साहेबांचे चिरंजीव, आमदार ऋतुराजदादा, हेही तसेच समजतात.

ते घर माझे नाही. आक्कांचे आहे.

दर निवडणुकीला साहेब काहीतरी गहाण टाकत. आधी जीप, मग आक्कांच्या नावावरची माहेरची जमीन. राहिल्या होत्या फक्त पाटल्या. १९८७ साली आक्कांनी त्या मला विकायला लावल्या आणि त्या पैशांतून घरासकट ही जागा घेतली. "माझ्या नावावर घेतली तर पुढच्या निवडणुकीच्या फॉर्मला गहाण पडंल. तुझ्या नावावर घे. तुझ्या नावावर काय असंल असं कुणाच्या सपनातबी येणार न्हाय." भाकरीवर हात ठेवून मी शपथ घेतली की हे कुणाला सांगणार नाही.

१९९५ साली साहेब पडले आणि बँकेने बंगला लिलावात काढला. सगळे कुटुंब या घरात आले, माझे भाडेकरू म्हणून. साहेब मानी माणूस. दर एक तारखेला आठशे रुपये माझ्या हातावर ठेवत आणि सगळ्यांसमोर म्हणत, "मालक, पावती द्या." मी पावती लिहून द्यायचो. मी मागच्या दाराने स्वयंपाकघरात जाऊन त्या नोटा आक्कांना द्यायचो. दुसऱ्या दिवशी त्याच नोटा घेऊन मी त्यांचे दुधाचे आणि लाइटचे बिल भरायला निघायचो. चौदा वर्षे असे चालले. साहेब वारले त्याच्या आदल्या महिन्यात मला म्हणाले, "गैब्या, चौदा वर्षांत एक रुपाया भाडं वाढवलं न्हाईस. असला मालक कुठं असतोय व्हय?" मग स्वयंपाकघराकडे बघून हसले. त्यांना कळले होते का, हे मला आजवर समजलेले नाही.

५. ऋतुराजदादा जागेचे नव्वद लाख द्यायला तयार आहेत. तिथे बिल्डिंग होणार आणि आक्कांना ते नव्या बंगल्यात नेणार. ते वाईट नाहीत, त्यांना ठाऊक नाही एवढेच. आक्कांना हलायचे नाही. मी म्हणालो, आत्ताच बक्षीसपत्र करून तुमच्या नावावर करतो. त्या म्हणाल्या, "नगं. मग ऋतुराज गोड बोलून सही घील. पोराला न्हाय म्हणाय मला येत न्हाय. तुझ्या नावावर हाय तवर ते म्हणावं लागत न्हाय." शपथेचेही विचारले. म्हणाल्या, "लिही की. ज्यांच्यापास्नं लपवायचं हुतं, ते गेले."

म्हणून माझी इच्छा अशी: आक्कांनी हयातभर त्या घरात राहावे. त्यांना कुणी हलवू नये, घर विकू नये. त्यांच्या पश्चात ते ऋतुराजदादांना फुकट द्यावे. आईचे आहे, त्यांचेच आहे. त्यांना फक्त थांबावे लागेल.

६. आप्पासोंची नात प्रियदर्शनी वकील आहे. ती म्हणाली, "चाचा, तुमच्यात इस्टेटीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त वारसांच्या बाहेर द्यायचं तर वारसांची संमती लागते. ती तुमच्या पश्चातच द्यायची असते. आत्ता घेतलेली सही चालत नाही."

"म्हंजे मला कळणारच न्हाय?"

"नाही कळणार."

तेव्हापासून झोप नाही.

७. शनिवारी हे सगळे मुलांना वाचून दाखवले. सलमा फोनवरूनच म्हणाली, "अब्बा, माझ्याकडनं काळजी करू नका." तोहिद कागलच्या फौंड्रीत आहे, फ्लॅटचे कर्ज आहे.

तो म्हणाला, "माझे अजून अकरा वर्षं हप्ते हायत."

"ठाऊक हाय."

"मी आत्ता व्हय म्हटलं तरी ते कागदावर चालत न्हाय म्हणं."

"न्हाय चालत."

"मग मला इचारता कशाला?"

"झोप लागत न्हाय म्हणून."

तो न जेवता उठला. काल रविवारी सकाळीच गाडी घेऊन गेला. मला वाटले, नव्वद लाखांचे बोलायला ऋतुराजदादांकडे गेला. दिवसभर मी दार आणि घड्याळ बघत बसलो. संध्याकाळी आला तो गुडघ्यापर्यंत भिजून. पाना कोपऱ्यात टाकला आणि म्हणाला, "आक्कांच्या टाकीचा व्हॉल्व्ह गेलता, बदलून आलो. स्लॅबला चिरा पडल्यात. पुढच्या उन्हाळ्यात वॉटरप्रूफिंग करून घ्यायला लागतंय, न्हायतर त्या म्हातारीच्या अंथरुणावर गळंल."

मग ताट मागितले. मी वाढले. ही संमती नव्हे, हे मला समजते. कलम पाच जसेच्या तसे ठेवावे. पण रात्री झोप लागली, हेही सत्य म्हणून लिहितो.

वाचून, पुन्हा वाचून सही केली.

गैबी हुसेन नदाफ (सही, आणि खात्रीसाठी अंगठाही)

साक्षीदार, ज्यांच्यासमोर सही केली:
१. आप्पासो पारिसा चौगुले, किराणा दुकानदार
२. ॲड. प्रियदर्शनी ऋषभ चौगुले

ठिकाण: कसबा बावडा, कोल्हापूर
सोमवार, दिनांक १७ नोव्हेंबर २०२५