पाणी कोमटच आहे

सोमवार, ४
आज पुन्हा पाव बसले! भट्टीतून काढले तर नुसत्या विटा. एकदा झालं तेव्हा म्हटलं, होतं कधीतरी. पण ही तिसरी खेप. हे म्हणाले, "आता पीठ भिजवायचं सुनेकडे दे, तू गल्ल्यावर बस." गल्ल्यावर बसायला मी काय शोभेची बाहुली आहे? पीठ मीच भिजवणार. हातपाय चालतायत तोवर सोडणार नाही.

मंगळवार, ५
यीस्टचं नवं पाकीट आणलं. जुनं ज्याने दिलं त्या दुकानदाराला चार शब्द सुनावले. तरी तेच. मग मैद्याला नावं ठेवली. हे मिशीतल्या मिशीत हसले – "नाचता येईना, अंगण वाकडं." दिवसभर बोलले नाही त्यांच्याशी.

बुधवार, ६
आज सूनबाईंनी माझी शिकवणी घेतली. यीस्ट म्हणे जिवंत असतं. साखर खातं, वायू सोडतं, तो पिठात अडकतो म्हणून पीठ फुगतं. गार पाण्यात सुस्तावतं, फार गरम पाण्यात मरतं. "आई, मीठ थेट यीस्टवर पडत नाही ना?" अगं, तू पाळण्यात होतीस तेव्हापासून पाव भाजतेय मी. ओठांवर आलं, गिळलं. खरं तर ते जिवंत असतं हे मला ठाऊकच नव्हतं. पाण्यात बोटं बुडवायची, कोमट लागलं की यीस्ट घालायचं – सासूबाईंनी शिकवलं ते एवढंच.

गुरुवार, ७
झोप नाही. सूनच तर काही करत नसेल? मला गल्ल्यावर बसवायला? वाईट विचार. पण आला खरा.

शुक्रवार, ८
सगळं एकटीने केलं. पाणी तापवलं, बोटं बुडवली – कोमट. साखर घातली, यीस्ट घातलं. तिला जवळ फिरकू दिलं नाही. वाट बघत उभी राहिले. फेस तर सोडाच, एक बुडबुडाही नाही. परत नवं पाणी तापवलं, परत बोटं बुडवली. तेवढ्यात तिने मागून येऊन बोट घातलं आणि झटकन ओढलं. "आई, कढत आहे हो हे!"

मी पुन्हा बोटं घातली. कोमटच. मग मनगटापर्यंत हात घातला, तेव्हा कुठे भाजलं.

"भट्टीपाशी राबलेले हात आहेत, निबर झालेत," म्हटलं. तिने ते पाणी ओतून दिलं. दुसरं पाणी घेतलं, स्वतः बघितलं, यीस्ट घातलं. थोड्या वेळाने वर फेसाचा जाड थर. पाव इतके हलके की गिऱ्हाईक परत आलं मागायला. मला आनंद व्हायला हवा होता. भांडी आपटत बसले.

शनिवार, ९
सून म्हणाली, "पीठ तुम्हीच भिजवा, पाण्याचं मी बघते." हिच्यावर संशय घेतला मी! लाज वाटली. आता हे दोघं मिळून डॉक्टरचं टुमणं लावून बसलेत. निबर हात काय दाखवायचे डॉक्टरला? पण जाते म्हटलं, कटकट तरी मिटेल.

सोमवार, ११
डॉक्टर म्हणाले, "डोळे मिटा. सुई टोचली की सांगा." दोन्ही हात पुढे करून बसले. बराच वेळ गेला. शेवटी म्हटलं, टोचा की लवकर, पीठ भिजवायचं राहिलंय.

"टोचून झालं," डॉक्टर म्हणाले. "दहाही बोटं."