शिडी धरणारा

बुधवार, ९ डिसेंबर

धाकट्या,

पत्राच्या सुरुवातीला दिराला आशीर्वाद लिहायचे असतात, ते लिहिले असं समज. मनात सध्या शिव्याच आहेत, आणि त्यातल्या थोड्या तुझ्याही वाट्याच्या आहेत. आईंची तब्येत बरी आहे, गुडघे सोडले तर. माझं शिवणाचं दुकान चालू आहे. तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र लिहायला बसले.

तर ऐक. रविवारी औषधवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत गल्लीची बैठक झाली. विषय वर्षअखेरची रोषणाई. गेल्या वर्षी गल्ली अंधारात राहिली, ते मी समजू शकते. यंदा कोण काय करणार ते ठरेल, अशा आशेने मी सगळ्यांच्या आधी जाऊन बसले. औषधवाला उठला, घसा खाकरला आणि म्हणाला, "वहिनी, आम्ही सगळ्यांनी विचार केला. दादांच्या आठवणीसाठी ही प्रथा आता इथेच थांबवावी. तीच त्यांना श्रद्धांजली."

श्रद्धांजली! तुझ्या ज्या दादाने मिसरूड फुटल्यापासून या गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दिव्यांच्या माळा लावल्या, त्याच्या आठवणीत काय, तर अंधार. मी म्हटलं, "उद्या ही शिंपीण मेली की तिच्या आठवणीत उघडे फिराल का रे?" मास्तरांच्या बायकोला हसू फुटलं, तिने तोंडाला रुमाल लावला. बाकीचे आपापल्या चपलांकडे बघत बसले.

मीही हट्टाला पेटले. सोमवारपासून दुकान अर्धं बंद ठेवून दारोदार फिरतेय, गळ्यात टेप तशीच. बेकरीवाल्याची म्हणे कंबर गेली. अरे, त्याची कंबर जात नाही, येतेय! दर वर्षी त्याच्या पँटी सैल करून देते ती मीच ना? न्हाव्याला म्हणे उंचीची भीती. याच न्हाव्याने परवा-परवा स्वतःच्या दुकानावर चढून नवी पाटी ठोकली, तेव्हा भीती बहुतेक गावाला गेली होती. मास्तरांच्या पोराची परीक्षा आहे. परीक्षा पोराची, काम बापाला सांगितलं, तरी नाही. औषधवाल्याकडे तर तोडगाच तयार. कंपनीला काम देऊ, क्रेन आणतील, तासाभरात आटोपतील. म्हटलं, "मग बघायलाही भाड्याची माणसं आणा आणि तुम्ही घरी झोपा."

सगळ्यात गोड कोण बोलला सांगू? सायकलवाला. "वहिनी, तुम्ही ठरवा तर खरं, मी आलोच!"

तो "आलोच" कानावर पडला आणि माझं डोकंच फिरलं.

का फिरलं ते तुला कळणार नाही, कारण त्या सकाळचं तुला फक्त तुझंच माहीत आहे. आजवर मी हा विषय काढला नाही. वाटलं होतं, ज्यांनी सांगायला हवं ते आपणहून तुला सांगतील. दोन वर्षं वाट पाहिली. आता पुरे.

तुझ्या दादाचा नियम तुला पाठ आहे. एक चढणारा, एक धरणारा, एक देणारा. आभाळ कोसळलं तरी धरणाऱ्याने हात काढायचा नाही, बल्ब द्यायला वेगळाच माणूस हवा. त्या सकाळी देणारा होता सायकलवाला. मी दुकानाच्या दारात काज करत बसले होते. त्याने रस्त्याच्या पलीकडून हात हलवला, "आलोच!" म्हणाला आणि बेकरीत शिरला. आत न्हावी होता, औषधवाला होता, काचेमागे सगळ्यांच्या हातात चहाचे कप. वर तुझा दादा ताटकळला. "दे रे तूच, त्याची कुठे वाट बघतोस!" म्हणून तुझ्यावर ओरडला आणि वाकला. तू एक हात काढलास. शिडी सरकली.

झालं, लिहिलं एकदाचं.

मग या गल्लीने काय केलं? "धाकट्याने हात सोडला" हे कुजबुजत घरोघर पोचवलं. ते तुझ्या कानापर्यंत बरोबर गेलं. चहाचे कप मात्र कोणाच्या तोंडून बाहेर पडले नाहीत. काल सायकलवाल्याला मी माझ्या दुकानात उभं केलं आणि हे सगळं जसंच्या तसं सुनावलं. पांढराफटक पडला. म्हणाला, "वहिनी, यंदा शिडी मी धरतो." मी म्हटलं, "तू लांबच राहा. धरणारा आमच्या घरात आहे. निदान होता."

आता तुझा वाटा घे. हात काढलास याचा मला राग नाही, कधी नव्हता. सख्ख्या मोठ्या भावाने हुकूम सोडल्यावर तू तरी काय करणार होतास? राग आहे तो पळून गेल्याचा. आठवड्यात बॅग भरलीस आणि चालता झालास. मला नवरा राहिला नाही, दीरही राहिला नाही. त्या माउलीचे एका महिन्यात दोन्ही मुलगे गेले. तिने कोणासाठी रडायचं? याचा विचार तुझ्या डोक्याला शिवला तरी का रे?

आणि खरं सांगू? सगळ्यात जास्त राग तुझ्या दादावरच आहे. नियम कोणाचा? त्याचाच. आल्या-गेल्याला ऐकवायचा, मलाही ऐकवायचा. आणि मोडला कोणी? चहा संपेपर्यंत थांबला असता तर कुठे आग लागली होती? उतावळा नवरा म्हणतात तो हाच. त्याचा फोटो मी बरेच दिवस भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. आईंनी तो एक दिवस गुपचूप सरळ केला. मी पुन्हा फिरवला नाही.

तर मी ठरवलं आहे. येत्या रविवारी सकाळी शिडी मी चढणार. हसू नकोस. माळ जोडायला त्यानेच शिकवलं आहे मला, फक्त वर कधी जाऊ दिलं नाही. निदान आपल्या घरापुरती तरी माळ लागेल. ती लागली की ज्याला लाज असेल तो बाहेर येईल.

बल्ब आई देणार आहेत, वरच्या खिडकीतून. मी विचारलं नव्हतं. काल त्यांनीच माळ्यावरची पेटी खाली काढायला लावली आणि एकेक बल्ब फडक्याने पुसत बसल्या. मी म्हटलं, "आई, तुमचे गुडघे?" म्हणाल्या, "हात शाबूत आहेत ना?" मग मी विचारलं, शिडी कोण धरणार. मान वर न करता म्हणाल्या, "ते काम त्याचं आहे. त्याला बोलव." तू गेल्यापासून त्यांनी तुझा विषय काढला तो हा पहिल्यांदा. पुढे बराच वेळ एकच बल्ब पुसत होत्या.

म्हणजे चढणारी आहे, देणारी आहे. तू आलास तर नियम पुरा होईल. नाही आलास तरी मी चढणार, शिडी धरायला कोणी नसताना. ही धमकी आहे, नीट वाच.

उत्तर पाठवू नकोस. "आलोच" असं तर मुळीच कळवू नकोस, तो शब्द आता या घरात चालत नाही. नुसता ये, आणि दोन्ही हातांनी धर.

शिडीच्या पहिल्या पायरीपाशी थांबलेली,
तुझी वहिनी