अर्धी टाकलेली पूजा

बाई,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला आता डोळे मिटावे लागतात. प्रश्न मात्र लख्ख आठवतो. धारच्या मुलींच्या शाळेत नीतिपाठाचा तास चालला आहे. खोटं का बोलू नये, असं तुम्ही विचारता आणि आम्ही सगळ्या एकदम ओरडतो, "पाप लागतं!" तुम्ही खडू खाली ठेवता. "आणि लागत नसतं, तर बोलला असतात?" घंटा झाली आणि उत्तर राहूनच गेलं. तो प्रश्न मी घरी नेला. माझे वडील, आमचे नाना, राममंदिराचे पुजारी. घास हातातच धरून ते म्हणाले, "देव नाही म्हणायचं आणि नीती शिकवायची, हे तुझ्या बाईंना जमतं कसं? विचार त्यांना." मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "नानांना सांग, मलाही ते नीटसं कळलेलं नाही." हे ऐकून नाना पहिल्यांदाच तुमच्या बोलण्यावर हसले.

त्याच श्रावणात जवळच्या तिरला गावाकडची एक तरुण विधवा देवळाच्या ओसरीवर येऊन बसली. तिचे दिवस भरत आले होते आणि सासरच्यांनी घराबाहेर काढलं होतं. "म्हारो कोई नी हे," माझं कुणी नाही, एवढंच ती माळवीत सांगे. नाना तिला रोज नैवेद्याचं पान नेऊन देत. मग देवळाचे पंच आले. "पंडितजी, ये मंदिर है. ऐसी औरत यहाँ बैठेगी तो दर्शन को कौन आएगा?" नानांनी वाद घातला नाही. तिच्याकडे न बघता म्हणाले, "बाई, दूसरी जगह देख लो." ती गाठोडं उचलून निघाली. मी शाळेत येऊन तुम्हाला सांगितलं, आणि मधल्या सुट्टीत तुम्ही तिला बाजारातून शोधून स्वतःच्या घरी नेलंत. त्या दिवशी नानांनी सवयीने नैवेद्याचं पान ओसरीपर्यंत नेलं आणि तसंच परत आणलं.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी तुम्ही आमच्या दारात उभ्या. केस विस्कटलेले, पदर ओला. "सुईण यायला तयार नाही, पंचांनी तिला बजावलंय. तुमच्या घरातून कुणी येईल का?" नात्यातल्या बाळंतपणांना आईच जायची, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. आईने नानांकडे पाहिलं. ते सोवळ्यात घरच्या देवांना अभिषेक करत होते. पळीतलं पाणी पडत राहिलं, मग थांबलं. "तू पुढे हो," ते आईला म्हणाले, "मी पाणी तापवून आणतो." सोवळ्यानेच त्यांनी बंब पेटवला आणि कढत पाण्याची घागर फडक्याने धरून भर गल्लीतून तुमच्या घरी आणली. देव ताम्हनात तसेच ओले. दुपारी मुलगी झाली. तिचं रडणं ऐकू आलं तेव्हा नाना तुमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसले होते. तुम्ही चहा पुढे केलात. ज्यांनी कधी परक्या घरचं पाणी घेतलं नाही, त्यांनी तो घेतला.

पंचांनी त्यांच्याकडून देवळातली पूजा काढून घेतली. घरात तंगी आली, पण नाना दिवसभर पोथ्या उलगडून बसायचे. अखेर एक दिवस मला बरोबर घेऊन ते तुमच्याकडे आले. "सापडला आधार! आश्रयाला आलेल्या गर्भिणीला सोवळं-ओवळं आड येत नाही."

"फार छान झालं," तुम्ही म्हणालात. "पण नाना, त्या सकाळी कशाच्या आधारावर उठलात?"

"देवाने उठवलं."

"आणि मला?"

"तुम्हालाही त्यानेच. तुम्हाला कळलं नाही, इतकंच."

तुम्ही मोठ्याने हसलात. मग विचारलंत, "उलटं असेल तर? आधी माणसाला कळवळा येत असेल आणि मग तो त्याला देवाचं नाव देत असेल?"

"तसं असेल," नाना म्हणाले, "तर देव फारच जवळ राहतो म्हणायचा." तुम्हाला ते पटलं नाही, त्यांनाही तुमचं पटलं नाही, आणि तुम्ही दोघं दिवेलागणीपर्यंत बोलत बसलात.

नंतर तुमची देवासला बदली झाली. बदली कुणी करवली ते सगळ्यांना माहीत होतं. तुम्ही त्या मायलेकींना बरोबर नेलंत. इकडे नवा पुजारी पंचांशी भांडून निघून गेला आणि ते नानांना बोलवायला आले. "ओसरी कुणालाही उघडी राहणार असेल तर येतो," नाना म्हणाले. पंच कुरकुरले, पण कबूल झाले.

मॅट्रिक झाल्यावर मी देवासला तुमच्याकडे राहायला आले होते. त्या मायलेकींतली आई आता शिवणकाम करत होती, घर तिच्या मशीनच्या आवाजाने भरलेलं. मी तुम्हाला पुन्हा विचारलं, चांगुलपणा येतो कुठून? तुम्ही पोळी लाटता लाटता डोळ्यांनी खूण केलीत. तिची चिमुरडी शेजारच्या रडणाऱ्या पोराला आपली अर्धी पोळी भरवत होती. "हिला कुणी शिकवलं?" तुम्ही म्हणालात. मला उत्तर मिळाल्यासारखं वाटतंय तोच तिने त्याच्या हातातली भिंगरी हिसकावली आणि पोरगं पुन्हा भोकाड पसरून रडायला लागलं. "आणि हे कुणी शिकवलं?" आपण दोघी इतक्या हसलो की तव्यावरची पोळी करपली.

बाई, देव नाही आणि मेल्यावर काही उरत नाही, हे तुमचं म्हणणं खरं असेल तर हे वाचायला आता कुठेच कुणी नाही, आणि म्हणून हे पाठवायचंही कुठे नाही. हे मला ठाऊक आहे. तरीही लिहिताना दोनदा ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं, तुमच्या नजरेला पडेल म्हणून.