साखरेच्या पुडीची निरगाठ

आबा, दुकान अजून मीच चालवते. भाऊ पलटणीत गेला तेव्हा तुम्ही म्हणाला होता, "लगीन ठरंपतूर बस गल्ल्यावर." अजून बसलेच आहे. कोरेगावात आता सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत जातं, पण साखर मी कागदातच बांधते. लोक हसतात, हसू देत.

आपल्या गल्लीतल्या म्हातारीचा मुलगा तुम्हाला आठवत असेल. सांगलीकडच्या कारखान्याच्या कबड्डी संघात होता, तिकडेच राहायचा. मी त्याचा एकही सामना पाहिला नव्हता, पोरींना मैदानावर कोण नेतंय. मला तो भेटला रद्दीत. पुडीसाठी पान फाडताना त्याचा फोटो दिसला की मी कापून बिस्किटाच्या डब्यात ठेवायची. एकदा तुम्ही पकडलंत. "रद्दी इकायची असती बाय, जपायची न्हाई," म्हणालात, आणि पुढच्या गठ्ठ्यातला फोटो स्वतःच काढून दिलात.

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी कारखान्यानं त्याला संघातून मोकळं केलं. पहिल्या दिवशी पेपरात दोनच ओळी आल्या. दुसऱ्या दिवशी आलं, बेशिस्त होता. तिसऱ्या दिवशी फोटोसकट, पैसे घेऊन सामना सोडल्याची चर्चा आहे म्हणून. मी अक्षरन्‌अक्षर खरं मानलं. मला तो माहीत होता तोच मुळी वर्तमानपत्रातून, मग तेच खोटं कसं म्हणू? इतकी चिडले की दोन दिवस घास उतरला नाही. तो घरी येऊन दार लावून बसला होता. त्याची आई तेवढी चहा-साखरेला यायची, आणि बातमीचा कागद तिच्या घरी जाऊ नये म्हणून तुम्ही जुन्या कॅलेंडरची पानं काढून ठेवली होती. "वयनींचं ह्यातच बांधायचं, ध्यानात ठेव." मला तुमचाही राग आला. असल्या माणसाची एवढी कशाला भीड धरायची?

तुम्ही गुळाची ढेप फोडायला आत गेलात आणि म्हातारी आली. मी तिसऱ्या दिवसाचं पान घेतलं, फोटो वर येईल असं दुमडलं, अर्धा किलो साखर बांधून तिच्या हातात दिली. तिला वाचता येत नव्हतं. पण घरात वाचणारा होता, हे मला पक्कं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली. कागदाची नीट घडी केलेली, वर कात्रीनं कापलेला दोरा. "आवं, ह्यो कागद तुमच्याकडंच ठेवा. पोरानं वाचला. रातीपासनं भिताडाकडं तोंड करून बसलाय, बोलंना झालाय." तुम्ही दोरा बोटात धरून बघत राहिलात. मग म्हणालात, "माज्या हातनं चुकलं, वयनी. माफी करा." मी तराजूपाशीच उभी होते. ती पुन्हा आपल्या दुकानात आली नाही. दुखऱ्या पायांनी बाजाराच्या पार त्या टोकाला जायची, आपल्याच दारावरून.

मी खरं बोलले असते तर तुम्ही गल्लीत खोटे पडला असता. आणि नाही बोलले तर रोज तुमच्या शेजारी, त्याच फळकुटावर, तुमचं कोपर लागेल एवढ्या अंतरावर बसायचं. मी बसले. तुम्ही होता तोवर बसले.

दिवाळीनंतर रद्दीत एक तुकडा सापडला. गुळाच्या भावाखाली चार ओळी: गुडघा कायमचा गेल्यानं खेळाडूला मोकळं केलं, पैशाच्या चर्चेत तथ्य नाही. तो तुकडा घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत धावायला किती वेळ लागला असता? तिथं गेले की पुडी कुणी बांधली तेही निघालं असतं. मी तो डब्यात ठेवला. संक्रांतीच्या आत मायलेक आटपाडीला तिच्या भावाकडे निघून गेले.

आबा, तुम्ही पुडीला सुरगाठ मारायचा, एका ओढीत सुटणारी. मी निरगाठ मारायची आणि बोलणी खायची. "गिऱ्हाइकाला दातानं सोडाय लावतीस व्हय गं?" म्हातारीनं आणलेल्या त्या दोऱ्यावर निरगाठ होती. तुम्ही ती ओळखलीत, आणि तरी मरेपर्यंत मला एका शब्दानं विचारलं नाहीत. विचारलं असतंत तर सुटले असते.

म्हातारी तो कागद परत देऊन गेली त्याच आठवड्यात मी सुरगाठ शिकले. तुम्हाला वाटलं, पोरगी सुधारली. पुन्हा कुणाला माझा हात ओळखू येऊ नये, म्हणून शिकले होते.