येरवड्याची वसाहत आणि समितीचा इतिहास

६ जानेवारी
सकाळी देशमुखचा फोन. माझ्या हाताखाली होता, आता समितीचा सचिव आहे. सरकारी इमारतींवर देखरेख ठेवणाऱ्या आमच्या समितीचा इतिहास छापायचाय म्हणे. "सर, तुमच्याशिवाय कोण लिहिणार?" हो म्हणून टाकलं. शैला म्हणाली, "निवृत्त झालात ते फक्त कागदावर."
खरं सांगायचं तर बरं वाटलं.

९ जानेवारी
इतिहासात फोटो हवेत म्हणून येरवड्याला गेलो. नर्सेसची सरकारी वसाहत. माझ्या काळात समिती इथे तीनदा आली होती. आता गॅलरीच्या सळया उघड्या, जिन्यात ओल.
पहिल्या मजल्यावर मंगल गायकवाड. सरकारी दवाखान्यात नर्स, घरी म्हातारी सासू. मला बघताच, "समितीचे साहेब ना? मागे आला होतात." हो म्हणालो. ते खोटं नव्हतं.
पोहे केले. सासूबाईंनी स्वतःची खुर्ची दिली. मग मंगलताई म्हणाल्या, "आता तरी दुरुस्ती होईल ना हो?"
"होईल. वर हालचाल चालू आहे."
कुठून आलं हे तोंडात? इतकी वर्षं हेच वाक्य बोलत आलो, तसंच आलं. निघताना नंबरही दिला. 'साहेब' ऐकून चार वर्षं झाली होती...

१५ जानेवारी
लिखाण बरं चाललंय. पहिले अध्यक्ष टॉर्च घेऊन स्वतः गच्चीवर चढायचे. नंतरचे खालून बघायचे. त्यानंतरचे गाडीतून. हे असं अर्थातच लिहिता येणार नाही. 'समितीने वेळोवेळी प्रत्यक्ष पाहणी करून मौलिक शिफारशी केल्या.' इथे अडकलोय.

१९ जानेवारी
मंगलताईंचा फोन. बांधकाम खात्याची नोटीस आलीय. इमारत सोडा, दुसरीकडे क्वार्टर देतो. बाकीचे गेले. तीन कुटुंबं थांबली.
"मीच थांबवलं त्यांना. म्हटलं, समितीचे साहेब स्वतः सांगून गेलेत, काम होणारे. आईंना एवढ्या लांब कुठे हलवू? बरोबर केलं ना?"
मी म्हणालो, बघतो.
शैला शेजारीच होती. "तुम्ही सांगितलंत तसं?"
"अगदी तसं नव्हे..."
"म्हणजे सांगितलंत."

२० जानेवारी
देशमुखला विचारलं. इमारत पाडणार, ठरलंय. दुरुस्तीचा विषयच नाही. महिनाअखेरपर्यंत जे क्वार्टर घेणार नाहीत त्यांचा हक्क गेला. मी म्हटलं, काही करता येईल का? हसला. "सर, आपण इतिहास लिहितोय."
मंगलताईंना लगेच सांगायला हवं. फोन लावला. रिंग वाजायच्या आत कट केला.

२३ जानेवारी
नाही केला.

२६ जानेवारी
सोसायटीत झेंडावंदन. मला बोलायला सांगितलं, 'लोकशाहीत समित्यांचं महत्त्व'. बोललो. टाळ्या वाजल्या.

२९ जानेवारी
दुपारी मंगलताईंचा फोन. स्वयंपाकघराच्या छताचा गिलावा सासूबाईंवर पडला. खांद्याचं हाड मोडलंय. मला वाटलं, आता शिव्या देतील. त्या म्हणाल्या, "साहेब, आता तरी वरचे लोक लवकर हलतील ना? फोटो पाठवू का तुम्हाला?"
तसाच उठून दवाखान्यात गेलो. वॉर्डच्या बाहेर उभं राहून सांगितलं. दुरुस्ती होणार नाही. तेव्हाही होणार नव्हती. मी निवृत्त आहे, माझ्या हातात काही नाही.
त्यांनी हातातला मोबाइल पर्समध्ये टाकला. मग, "मग तुम्ही आला होतात कशाला?"
"फोटो काढायला."
त्या आत गेल्या. सासूबाईंनी आतून विचारलं, कोण आलंय गं? उत्तर ऐकू आलं नाही.

३१ जानेवारी
मंगलताई आणि मी बांधकाम खात्यात. मीच गाठलं त्यांना, त्यांनी बोलावलं नव्हतं. इंजिनिअर तरुण आहे, नीट बोलला. क्वार्टर दोनच उरलेत. कुटुंबं तीन. "तुमचं तुम्ही ठरवा, नाहीतर मी चिठ्ठ्या टाकतो." मंगलताई म्हणाल्या, "त्या दोघींना द्या. त्या माझ्यामुळे थांबल्या." मी मध्ये बोलायला गेलो. त्यांनी हातानेच थांबवलं.
बाहेर आल्यावर म्हणालो, चूक माझी आहे. "आहेच," म्हणाल्या. आणि बस पकडली.

२ फेब्रुवारी
देशमुखला इतिहासातलं येरवड्याचं प्रकरण पाठवलं. त्यात लिहिलं: 'समितीने या वसाहतीची तीनदा पाहणी केली. दुरुस्ती झाली नाही. अखेर छताचा गिलावा एका वृद्धेच्या अंगावर पडला.' संध्याकाळी फोन. "सर, हे काढावं लागेल." काढलंस तर माझं नावही काढ, म्हटलं. पूर्वी असं कधी बोललो नव्हतो. यात शौर्य काही नाही, आता बढती थोडीच अडणारे.
शैला म्हणाली, "आपली खालची खोली रिकामी आहे. सांगून तर बघा."

४ फेब्रुवारी
दवाखान्यात गेलो. खोलीचं सांगितलं. कर्वेनगर, तळमजला, जिना नाही, सासूबाई बऱ्या होईपर्यंत राहा. भाड्याचा विषय काढू नका म्हटलं.
मंगलताई सासूबाईंचा हात गळपट्टीत नीट ठेवत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "या वेळी नक्की का?"
हो म्हणालो.
"आधी बघून येते मी. उद्या ड्युटी संपल्यावर. मग ठरवीन."
पत्ता लिहून दिला. त्यांनी तो वाचला, घडी घातली, आणि पुन्हा उघडून वाचला.